लेक एक्सचेंजवर जर्मनीत, होस्ट आई म्हणते "ती घरात असते पण आमच्यात नसते"

मुलुंडची_माई | १६ नोव्हेंबर

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

माझी लेक (वय १६) ऑगस्टच्या शेवटी स्टुडंट एक्सचेंजवर वर्षभरासाठी जर्मनीला गेलीये. हेसेन राज्यातलं छोटं गाव आहे, कासेलहून पुढे ट्रेन पकडावी लागते. घरात होस्ट आई, बाबा, त्यांचा १३ वर्षांचा मुलगा, खालच्या मजल्यावर आजी आणि एक म्हातारा कुत्रा. माणसं खरंच चांगली आहेत हे आधीच सांगते म्हणजे उगाच कोणी तिकडच्यांना नावं ठेवायला नको. जाण्याआधीची धावपळ तर विचारूच नका, व्हिसा, आम्हा दोघांची संमतीपत्रं, शिवाय तिकडे मार्च २०२० पासून कायदा आहे की शाळेत गोवराच्या दोन डोसांचा पुरावा द्यायचा, त्यासाठी लहानपणीचं लसीचं कार्ड माळ्यावरच्या पेटीतून शोधून काढलं.

तर मुद्दा असा. गेल्या आठवड्यात होस्ट आईची मेल आली. फार गोड भाषेत लिहिलंय की मुलगी गुणी आहे, खोली नीट ठेवते, वेळेवर येते-जाते, तक्रार अशी काहीच नाही, पण ती घरात असते आणि आमच्यात नसते. दुपारी दीडला शाळेतून येते, जेवते, खोलीत जाते, दार बंद. संध्याकाळी टेबलावर येते, थोडंसं खाते, थँक्यू म्हणते, परत खोलीत. कुत्र्याला फिरवायला येतेस का विचारलं तर नको म्हणते. आमचं काही चुकतंय का, असं त्यांनीच मला विचारलंय. वाचून मलाच कसंतरी झालं.

लेकीला विचारलं तर म्हणे अगं आई मी कोणाला काही त्रास देतेय का, मग प्रॉब्लेम काय आहे? हिचे बाबा म्हणतात लक्ष घालू नकोस, होईल आपोआप. सासूबाई म्हणतात पोर खंगली, परत आणा. ज्यांची मुलं अशी गेली आहेत किंवा जे स्वतः गेले होते त्यांनी सांगा ना, मी मध्ये पडू का गप्प बसू?

---

वाचनमात्र_मीपण | १६ नोव्हेंबर

वाचतेय. आमची पुढच्या वर्षी जायचं म्हणून हटून बसलीये. एक बाळबोध प्रश्न, होस्ट लोकांना याचे पैसे मिळतात ना? मग तक्रार कसली करतात?

---

गणितमास्तर | १६ नोव्हेंबर

स्पष्ट बोलतो, राग नसावा. दहावीनंतरचं वर्ष म्हणजे पाया पक्का करायचं वर्ष, ते असं परगावी ब्रेड खाण्यात घालवायचं मला काही पटत नाही. तिकडून मिळणारा कागद म्हणजे बोर्डाचं पासिंग सर्टिफिकेट नव्हे. परत आल्यावर अकरावीला बसायचं, तोवर बरोबरीची पोरं बारावीला, त्यांचे जेईई-नीटचे क्लास निम्मे झालेले. आणि एवढं करून तिथे खोलीतच बसायचं असेल तर मुलुंडची खोली काय वाईट होती? दिवे घ्या (म्हणजे हलकंच घ्या).

---

मुलुंडची_माई | १६ नोव्हेंबर

दिवे घेतले मास्तर. पण अकरावी परत करायची हे धरूनच पाठवलंय, त्याचं दुःख नाही. आणि मुलुंडला तिला वेगळी खोली नव्हतीच, आजी आणि ती एकाच खोलीत झोपायच्या.

---

स्लो_लोकल | १६ नोव्हेंबर

माई, तुमच्या शेवटच्या वाक्यातच निम्मं उत्तर आहे.

मी २००३ साली रोटरीच्या यूथ एक्सचेंजवर गेलो होतो, बव्हेरियात. (निळा ब्लेझर आणि त्यावर जगभरच्या पोरांशी अदलाबदल केलेल्या पिना अजून डोंबिवलीच्या कपाटात आहेत, बायको दर दिवाळीच्या साफसफाईत विचारते टाकू का.) आमच्याकडे वर्षात दोन-तीन घरं बदलायची पद्धत होती त्यामुळे एका घरी गाडी घसरली तरी पुढच्या घरी पाटी कोरी. तुमच्या लेकीला एकच घर आहे असं दिसतंय, म्हणजे इथेच जमवायचं आहे.

मुंबईत टू बीएचकेत माणसांत असायला काही करावंच लागत नाही हो. तुम्ही पलंगावर लोळत पडलात तरी कुकरच्या शिट्ट्या, बाबांचा टीव्ही, वरच्यांचं भांडण, खाली भाजीवाला, सगळ्यात तुम्ही असताच. तिकडे दार बंद केलं की संपलं, भिंती जाड, खिडक्यांना दोन काचा, घरात माणसं आहेत का नाहीत तेही कळत नाही. घरातला माणूस व्हायचं तर स्वतःच्या पायांनी बाहेर येऊन दिवाणखान्यात बसावं लागतं, काही काम नसताना. हे आपल्या पोरांना सुचतच नाही कारण कधी गरजच पडली नाही. आणि ते लोक बोलवायला येत नाहीत कारण बंद दार म्हणजे हिला एकटं राहायचंय असं ते समजतात.

जेवणाचं पण तसंच. होस्ट आई विचारते अजून घेणार? आपण म्हणतो नको, कारण अजून दोनदा विचारणार याची खात्री असते, तिसऱ्यांदा ताट पुढे करायचं. तिकडे नको म्हणजे नको, भांडं उचललं. त्यात रात्रीचं जेवण थंड. ब्रेडचे काप, चीज, हॅम, व्हिनेगरमधली काकडी, गरम काय ते दुपारी होऊन गेलेलं असतं. मी सुरुवातीला साडेसहाला ते खाऊन खोलीत खरं जेवण कधी येतंय याची वाट बघत बसायचो. तिला सांगा भूक असेल तर पहिल्या हाकेला हो म्हण.

आता खरा संशय. आमच्या वेळी घरी फोन करायचा म्हणजे कॉलिंग कार्ड आणायचं, नाण्याने खरवडायचं, लांबलचक नंबर दाबायचा, म्हणून आठवड्यातून एकदा. सध्या तिकडे आणि आपल्यात साडेचार तासांचा फरक आहे (ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर मागे जातात, उन्हाळ्यात फरक साडेतीन). लेक दीडला घरी येते तेव्हा मुलुंडला सहा वाजलेत. चार-साडेचारला तिकडे अंधार, इकडे रात्रीचे साडेआठ-नऊ, अख्खी गँग ऑनलाइन. म्हणजे तिची दुपार आणि संध्याकाळ मुंबईच्या गप्पांच्या वेळेत बरोब्बर बसते. अमेरिकेला गेली असती तर तिच्या दुपारी इकडे मध्यरात्र, झक मारत होस्टच्या पोराशी बोलली असती. दार बंद करून ती अभ्यास करते का फोनवर असते ते आधी विचारा.

---

बटाटेवडा_१७ | १६ नोव्हेंबर

हाय सगळ्यांना, मी जूनमध्येच परत आलोय, आयोवात होतो, येस प्रोग्रामवर (अमेरिकन सरकारचा आहे, २००२ साली सुरू झाला, सिलेक्शन झालं की खर्च तेच करतात, इंडियात एएफएस नावाची संस्था बघते). @वाचनमात्र, आमच्या प्रोग्रामला होस्टला पैसे मिळत नाहीत. त्यांना टॅक्समध्ये महिन्याला ५० डॉलरपर्यंत वजावट मिळते, तेवढ्यात मी पहिल्या दोन दिवसांत दूधच प्यायलो असेन, सो पैशासाठी कोणी नाही ठेवत.

माझा एक्सपीरियन्स सांगतो. आधी मी पण जाम शहाणा पाहुणा होतो. कोणी भांडी उचलायला लागलं की मी उभा राहायचो आणि काय करू कळायचं नाही, कारण आपल्याकडे मावशी येतात ना. मग एक दिवस होस्ट मॉमने फ्रिजवरच्या कामाच्या चार्टवर माझं नाव टाकलं, त्यांच्या पोरांच्या खाली, तसंच मार्करने. गुरुवारी रात्री कचऱ्याचे डबे ओढत रस्त्यापर्यंत नेऊन ठेवायचे. बर्फात. सिरियसली सांगतो, मला इतकं भारी वाटलं. त्यानंतर मी फ्रिज न विचारता उघडायला लागलो.

काकू तुम्ही तिला काम द्यायला सांगा त्यांना.

---

ओल्या_काजूची_उसळ | १७ नोव्हेंबर

बटाटेवड्याला अनुमोदन. आमचा चिरंजीव जपानमध्ये आहे, नागोयाच्या बाजूला. तिकडे तर काम टळतच नाही, शाळेत वर्ग, जिने, संडास सगळं पोरंच पुसतात, रोज. इकडे स्वतःचं ताट न उचलणारा बाब्या तिकडे फडकं पिळून फरशी पुसतोय असा फोटो आला तेव्हा माझ्या आईने तो झूम करून बघितला आणि म्हणाली हात बघ कसे झालेत. मी म्हटलं झाले तर झाले.

मजा म्हणजे त्याचं सगळ्यात आधी जमलं ते अंघोळीचं. तिकडे टबाबाहेर छोट्या स्टुलावर बसून अंगावर पाणी घेऊन साबण लावून स्वच्छ व्हायचं आणि मगच टबात नुसतं बसायचं, आणि ते पाणी घरातले सगळे एकामागून एक वापरतात म्हणून निघताना बूच काढायचं नाही. त्याच्याबरोबरची कॅनडाची मुलगी पार गांगरली म्हणे. हा बादली-तांब्यावर वाढलेला, स्टुलावर बसून आंघोळ म्हणजे ह्याला लांज्याच्या आजोळची न्हाणी.

खाण्याचं मात्र अवघड आहे. आम्ही मासे खातो म्हणून निभावलं, तिकडे साध्या भाजीत, सुपात, सगळीकडे सुक्या माशाचा अर्क असतो, शुद्ध शाकाहारी पोरांचे फार हाल होतात. जपानला पाठवणाऱ्यांनी हे आधी ध्यानात घ्या.

फोनचं म्हणाल तर आम्ही रविवार ठरवलाय. मेसेज कधीही कर, कॉल रविवारी. पहिले काही रविवार तो रडला, मग मी रडले, आता तो दहा मिनिटांत म्हणतो ठेवू का, क्लबची प्रॅक्टिस आहे.

---

मुलुंडची_माई | १७ नोव्हेंबर

बाप रे, रात्रीत एवढे प्रतिसाद. धन्स सगळ्यांना.

स्लो_लोकल, तुमचा नेम बसला हो. काल लेकीला सरळ विचारलं. शाळेतून आली की मैत्रिणींचा ग्रुप कॉल चालू करते, बोलायचं नसलं तरी म्यूट करून बाजूला ठेवते, सगळ्या आपापला अभ्यास करतात म्हणे, सोबत वाटते. मग आमचा कॉल. मग आजीचा. आजी म्हणजे आमच्या सासूबाई रात्री तिच्यासोबत जेवतात, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून, ही तिकडे पलंगावर बसून आजीला सोबत करते आणि त्याच वेळी खाली ते लोक बोर्डगेम काढून बसलेले असतात.

पण मग करायचं काय, बोलायचंच नाही का? १६ वर्षांची आहे हो. गणपतीत तिला केवढं वाईट वाटलं होतं. तिकडच्या एशियन दुकानातून तांदळाचं पीठ आणून उकडीचे मोदक करायला गेली तर ते निघालं चिकट तांदळाचं, उकड हाताला सोडेना, मोदकाचा पार खळ झाला. तेव्हा मी व्हिडीओवर नसते तर तिने काय केलं असतं?

---

गणितमास्तर | १७ नोव्हेंबर

दुसरं पीठ आणलं असतं.

---

ओल्या_काजूची_उसळ | १७ नोव्हेंबर

मास्तर, आयुष्यात पहिल्यांदा तुमच्याशी सहमत. :ड

---

परळकरीण | १७ नोव्हेंबर

उशिरा येतेय धाग्यावर. मी दुसऱ्या बाजूची आहे, आम्ही एका ब्राझीलच्या मुलाला वर्षभर ठेवला होता, तेव्हा होस्ट आईच्या खुर्चीतून सांगते.

आमच्याकडे बरोब्बर उलटं झालं. हा रोज स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहायचा आणि विचारायचा, मी काय करू? आम्ही सगळे एका सुरात, काही नको रे, तू बस, पाहुणा आहेस. पंखा लावून द्यायचो, हातात खाऊची डिश. आम्हाला वाटायचं केवढी सरबराई करतोय, आणि त्याला वाटायचं ह्यांना मी घरात नकोय. हे मला कळलं ते संस्थेच्या बाई भेटायला आल्या तेव्हा, त्याने त्यांना सांगितलं की मला कोणी कशाला हात लावू देत नाही. मी हबकलेच.

मग सासूबाईंनी एके दिवशी मोड आलेल्या वालांचं पातेलं त्याच्यासमोर ठेवलं. बिरड्याचे वाल, पाण्यात भिजलेले, एकेक चिमटीत धरून साल काढायची, वाल ताटात, साल वाटीत. भाषा येत नव्हती दोघांनाही एकमेकांची. सासूबाई मालवणीत, तो पोर्तुगीजमध्ये, तासभर दोघं फतकल मारून बसले होते, त्याने अर्धे वाल मोडले तरी त्या काही बोलल्या नाहीत, (मी मोडले असते तर!!) त्या दिवसापासून तो घरचा. नंतर तर परळ ते दादर लोकलने एकटा जाऊन फुलं-भाजी आणायचा, प्लॅटफॉर्म कुठल्या बाजूला येणार ते बायकांना सांगायचा.

तेव्हा माई, होस्ट आईला उत्तर लिहा. लेकीशी बोलाल ते बोला, पण त्या बाईंना आपल्याकडची रीत सांगा, की आमच्या मुलांना दुसऱ्याच्या घरी न मागता कशाला हात लावू नये असं शिकवलेलं असतं आणि पहिल्यांदा नको म्हणणं ही सभ्यता असते. "येतेस का" विचारू नका, "चल, कुत्र्याला फिरवायचंय" म्हणा.

---

स्लो_लोकल | १७ नोव्हेंबर

परळकरीण, मानलं! शेवटच्या ओळीवर सही करतो. "येतेस का"ला आपली पोरं नको म्हणतात, "चल"ला चप्पल घालतात.

मास्तर, तुमच्या वर्षाच्या मुद्द्यावर एवढंच. मीही परत येऊन अकरावीला बसलो, वर्षाने लहान पोरांबरोबर. तेव्हा टोचलं. पुढे कुठल्याच इंटरव्ह्यूत कोणी ते वर्ष कुठे गेलं म्हणून खोदलं नाही, उलट त्यावरच गप्पा झाल्या. पण ज्याला मेडिकल-इंजिनिअरिंगचीच घाई आहे त्याने जाऊ नये, हे मलाही मान्य. अर्धं मन कोटातल्या क्लासमध्ये ठेवून जाणाऱ्याचं दोन्हीकडे नुकसान होतं.

---

वाचनमात्र_मीपण | १८ नोव्हेंबर

किती उपयोगी धागा! पासपोर्टबद्दल विचारायचं होतं, लेकीचा पासपोर्ट पुढच्या वर्षी संपतोय, वय १५ पूर्ण आहे.

---

ओल्या_काजूची_उसळ | १८ नोव्हेंबर

१५ ते १८ वयाच्या मुलांना १० वर्षांचा पासपोर्ट मागता येतो, फॉर्ममध्ये तो पर्याय निवडा. नाहीतर १८ पूर्ण होईपर्यंतचाच मिळतो, मग दोन वर्षांत परत तीच रांग. व्हिसाच्या आधी करून घ्या.

---

मुलुंडची_माई | ३० नोव्हेंबर

अपडेट देते. परळकरणीच्या सल्ल्याने होस्ट आईला लांबलचक मेल लिहिली. दुसऱ्याच दिवशी त्यांचं उत्तर आलं, पहिलं वाक्य असं की आम्हाला वाटलं तिला आम्ही आवडत नाही.

आता तिच्याकडे बाटल्यांचं खातं आलंय. तिकडे पाण्याच्या, कोकच्या प्लॅस्टिकच्या बाटलीमागे २५ सेंट डिपॉझिट घेतात आणि रिकामी बाटली सुपरमार्केटातल्या मशीनमध्ये टाकली की चिठ्ठी निघते, ती गल्ल्यावर दिली की पैसे. शनिवारी ती आणि तो १३ वर्षांचा पोरगा दोन मोठ्या पिशव्या घेऊन जातात. (रविवारी दुकानं बंद, काचेच्या बरण्यासुद्धा रविवारी कचराकुंडीत टाकायच्या नाहीत, आवाज होतो म्हणून! आमच्या सोसायटीत रविवारी सकाळी आठला ड्रिल चालू होतं हे तिने त्यांना सांगितलं तर त्यांना खरंच वाटेना.) मशीन मध्येच बाटली परत बाहेर ढकलतं, मग ती फिरवून बारकोड दाखवून परत घालायची, त्यावरून दोघांची भांडणं होतात. भांडणं व्हायला लागली म्हणजे बरं चाललंय असं मी समजते.

दुसरं म्हणजे खालच्या मजल्यावरची आजी. त्यांचा एक लाडका बोर्डगेम आहे, १९१४ पासून विकला जातोय म्हणे, लेकीने बघितला तर हुबेहूब आपला ल्युडो, मूळ पचिसीच की. आता संध्याकाळी तिकडे सोंगट्या मारामारी चालते. आमच्या सासूबाईंना हे कळल्यावर दोन दिवस फुगून होत्या, की तिला तिकडची आजी मिळाली. त्यांचं जेवण आता रविवारी एकत्र. बाकीचे दिवस त्या व्हॉइस मेसेज पाठवतात, सहा-सहा मिनिटांचे, त्यात शेजारणीचं पूर्ण बुलेटिन असतं.

ग्रुप कॉल पूर्ण सुटलेला नाही, खोटं कशाला सांगू. पण दार उघडं असतं.

शाळेचं मात्र बोंब आहे. इतिहासात ४ पडले. आमच्या सासूबाईंना वाटलं सहापैकी चार, ठीक आहे की, पेढे वाटू. तिकडे १ सगळ्यात चांगला आणि ६ नापास, म्हणजे ४ जेमतेम काठावर!

---

स्लो_लोकल | ३० नोव्हेंबर

माई, मस्त वाटलं वाचून. त्या ४ चं कारण भाषा असेलच, पण तिकडे वर्गात हात वर करून बोलण्याला मोठे मार्क असतात, नुसता पेपर चांगला लिहून भागत नाही. आपली पोरं सरांनी विचारल्याशिवाय तोंड उघडत नाहीत. तिला म्हणावं चुकीचं जर्मन बोल पण बोल, दर तासाला एकदा हात वर.

---

गणितमास्तर | ३० नोव्हेंबर

हे मात्र आपल्याकडे यायला हवं. माझ्या वर्गात साठ पोरं, हात वर होतो तो फक्त बाहेर जाऊ का विचारायला.

---

मुलुंडची_माई | १ डिसेंबर

हिच्या बाबांच्या ऑफिसातले एक जण पुढच्या आठवड्यात फ्रँकफर्टला चाललेत, तिथून कासेलला जाणार आहेत. वाढदिवस येतोय तिचा. त्यांच्याबरोबर साजूक तूप, पेढे आणि थोडा ताजा कढीपत्ता द्यायचा विचार आहे, चालेल ना?

---

स्लो_लोकल | १ डिसेंबर

अजिबात देऊ नका, त्या बिचाऱ्यांना कस्टममध्ये उभं करायचंय का? युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, तूप, पेढे, श्रीखंडवडी सगळं त्यात आलं. पार्सलनेही नाही. कढीपत्त्याला पिकाच्या आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. गंमत म्हणजे नारळ चालतो. गोडा मसाला, चिक्की, कुळथाचं पीठ, कोकमं द्या. होस्ट आईला साडी वगैरे नको, मसाला द्या आणि लेकीला सांगा एकदा त्यांच्या बटाट्यावर घालून खायला घाल.

---

मुलुंडची_माई | १४ डिसेंबर

वाढदिवस झाला, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमच्याकडे रात्री बाराच्या ठोक्याला फोन करायची पद्धत. इकडे बारा म्हणजे तिकडे आदल्या दिवशीचे साडेसात, ते लोक ब्रेड-चीज घेऊन टेबलावर. आम्ही, मामा, मावशी, मैत्रिणी, सगळे स्क्रीनवर, केक कापा, गाणं म्हणा, धुमाकूळ. तर तिकडच्या आजी एकदम उभ्याच राहिल्या, चेहरा पांढरा. जर्मनीत वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा देणं अपशकुन मानतात, म्हणे कार्डसुद्धा आदल्या दिवशी उघडत नाहीत! इकडे सासूबाई शुभेच्छा द्यायच्या थांबेनात, तिकडे आजी थांबवायच्या थांबेनात. शेवटी होस्ट बाबांनी घड्याळ काढून निवाडा दिला, की मुंबईत वाढदिवस सुरू झालाय तेव्हा मुंबईच्या लोकांना परवानगी, जर्मनीतल्यांनी रात्री बारापर्यंत तोंड उघडायचं नाही. आणि खरंच ते लोक साडेचार तास तिच्याशी वाढदिवस सोडून सगळ्या विषयांवर बोलले, आणि ठोक्याला पायजम्यात जिन्यावर येऊन गायले.

शाळेत केक ज्याचा वाढदिवस त्यानेच न्यायचा असतो, तो तिने आणि होस्टच्या पोराने मिळून केला. फोटोत मध्ये खचलाय. वर पिठीसाखर भुरभुरवलीये खूप, म्हणजे कळू नये म्हणून.

---

बटाटेवडा_१७ | १४ डिसेंबर

लोल काकू, पायजम्यात जिन्यावर! बेस्ट फॅमिली आहे.

---

मुलुंडची_माई | १४ डिसेंबर

हो ना. आता नवीनच पेच आहे. तो १३ वर्षांचा पोरगा म्हणतोय की १५चा झालो की मी मुंबईला येणार वर्षभर, आणि तुमच्याच घरी राहणार. मला आनंदच आहे, पण आमचं घर टू बीएचके, सासूबाई, आम्ही दोघं, लेक परत आलेली असणार. परळकरीण, तुमचं घर केवढं होतं? त्याला वेगळी खोली द्यावी लागते का?

---

परळकरीण | १५ डिसेंबर

माई, आमचंही टू बीएचकेच, त्यातली एक खोली म्हणजे बंद केलेली गॅलरी. आमच्या संस्थेचा नियम असा होता की स्वतःचा पलंग हवा, स्वतःची खोली नसली तरी चालते, माझ्या मुलाच्या खोलीत दुसरा पलंग टाकला होता. तुमच्याकडे मुलगी आहे म्हणजे त्याची सोय वेगळी करावी लागेल, हॉलमधला दिवाण चालतो का ते विचारून घ्या. रोटरीकडून आला तर मुंबईचा डिस्ट्रिक्ट ३१४१, त्यांच्याकडे आधी चौकशी करा, ते घर बघायला येतात. बाकी जेवणखाण, पाण्याची वेळ, लोकल, हे सगळं पोरं शिकतात.

फक्त बाथरूमला आतून नीट लागणारी कडी आहे का बघा. आमची सैल होती, ती दुरुस्त करू करू म्हणता वर्ष गेलं, आणि तो बिचारा आत कोणी आहे हे कळावं म्हणून अंघोळभर मोठमोठ्याने गायचा.